गोडं पाणी, गोगलगाय आणि रक्तातला कृमी

सेनेगल देशाच्या उत्तर टोकाला, मॉरिटानियाच्या सीमेलगत, सेनेगल नदीच्या काठी रिशार-तोल नावाचं उसाचं गाव आहे. १९८८ साली तिथं पोटदुखी आणि रक्तमिश्रित जुलाबांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांच्या शौचाच्या नमुन्यांत सूक्ष्मदर्शकाखाली एक लांबट अंडं दिसू लागलं. अंड्याच्या एका कडेला ठसठशीत काटा होता. त्या काट्यावरून जात लगेच ओळखता येते: शिस्टोसोमा मॅन्सोनी. माणसाच्या आतड्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहणारा हा कृमी आफ्रिकेत इतरत्र जुनाच. पण या नदीच्या मुखाकडच्या प्रदेशात तोवर त्याचा मागमूस नव्हता. दोन-तीन वर्षांत गावातल्या सुमारे ६० टक्के लोकांच्या अंगात तो पोहोचला. शेजारच्या न्दोंबो गावात तपासणी झाली, तेव्हा शंभरातल्या ९१ जणांना लागण झालेली आढळली.

एवढा फरक पडायला मध्ये घडलं होतं ते इतकंच, की नदीवर एक धरण उभं राहिलं होतं.

धरण कशासाठी बांधलं, हे आधी सांगायला हवं, कारण बांधणाऱ्यांचा हेतू चांगला होता. १९७० च्या दशकात सहाराच्या दक्षिणेकडच्या साऱ्या पट्ट्यानं भयंकर दुष्काळ सोसला होता. सेनेगल नदीचा उतार अगदी कमी. पावसाळा संपून प्रवाह ओसरला, की समुद्राचं खारं पाणी नदीपात्रातून आत शिरायचं, वाईट वर्षी दोनशे किलोमीटरपर्यंत. त्या महिन्यांत काठच्या शेतकऱ्याला नदी असून पाणी नसायचं. म्हणून मुखाजवळ दियामा इथं १९८६ साली बंधारा घातला, समुद्राला बाहेर थोपवण्यासाठी. आणि वर मालीमध्ये मनांताली इथं मोठं धरण बांधलं, पुराचं पाणी साठवून वर्षभर सोडण्यासाठी. दोन्हींनी आपलं काम चोख केलं. भात वाढला, ऊस वाढला, कालव्यांना बारा महिने पाणी आलं. महाराष्ट्रातल्या वाचकाला या हिशोबाचं मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

पण खारं पाणी जे करत होतं, ते आता कुणी करेना. दरवर्षी काही महिने ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींना मारत असे.

शिस्टोसोमाचं सगळं आयुष्य या गोगलगायीवर अडलेलं आहे. माणसाच्या मलमूत्रातून बाहेर पडलेलं अंडं गोड्या पाण्यात पोहोचलं तर फुटतं आणि त्यातून केसाळ, पोहणारी अळी निघते. तिच्यापाशी काही तासांचं आयुष्य असतं आणि तेवढ्यात तिला ठरावीक जातीची गोगलगाय सापडावी लागते; दुसरी कुठली चालत नाही. सापडली, तर ती गोगलगायीच्या अंगात शिरते आणि तिथं नर-मादीवाचूनच स्वतःच्या प्रती काढत सुटते. काही आठवड्यांनी त्या एका गोगलगायीतून दुभंगलेल्या शेपटीच्या नव्या अळ्या बाहेर पडू लागतात, रोज शेकडो, कधी हजारांच्या घरात. या अळ्यांना सर्केरिया म्हणतात. त्या दिवस-दीड दिवस जगतात. पाण्यात उतरलेल्या माणसाची अखंड कातडी त्या काही मिनिटांत भेदतात. पायाला जखम असायला लागत नाही, पाणी प्यायला लागत नाही; धुणं धुवायला, भांडी घासायला, पोहायला पाण्यात उभं राहिलं तरी पुरे. पुढे फुप्फुसं, मग यकृत असा प्रवास करून त्या जोडीजोडीनं रक्तवाहिन्यांत स्थिरावतात. नर आपल्या अंगाच्या खोबणीत मादीला धरून ठेवतो आणि मादी रोज शेकडो अंडी घालते. सरासरी तीन ते पाच वर्षं हे चालतं. काही जोड्या तीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत.

या आजारात माणसाचं नुकसान मुख्यतः कृमी करत नाही, त्याची अंडी करतात. जवळजवळ निम्मी अंडी बाहेर पडू शकत नाहीत. ती रक्तप्रवाहानं यकृतात जाऊन, नाहीतर आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या भिंतीत अडकून राहतात आणि त्यांच्याभोवती शरीर गाठी धरतं. यकृत कठीण होतं, पोटात पाणी भरतं. मूत्राशयाभोवती राहणाऱ्या शिस्टोसोमा हिमॅटोबियम या भावंडामुळे लघवीतून रक्त जातं आणि पुढे मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो. मुलं खुरटतात, रक्त कमी होतं, शाळेत लक्ष लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२१ साली पंचवीस कोटींहून अधिक लोकांना या आजाराविरुद्ध प्रतिबंधक औषधाची गरज होती आणि त्यातले दहात नऊ आफ्रिकेतले होते. इतका मोठा आजार आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दिसतच नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पुन्हा सेनेगलकडे. दियामाचा बंधारा झाल्यावर पाण्याचा खारेपणा गेला, आम्लपणा कमी झाला, प्रवाह मंदावला आणि पातळी वर्षभर सारखी राहू लागली. शिस्टोसोमा मॅन्सोनीला हवी असलेली गोगलगाय बायोम्फलेरिया फायफेरी. तिला नेमकं हेच सगळं लागतं. शिवाय ती स्वतःच स्वतःचं फलन करू शकते, त्यामुळे वाहत आलेली एकच गोगलगाय नव्या कालव्यात वसाहत उभी करायला पुरते. उसाच्या कामासाठी देशाच्या इतर भागांतून आणि शेजारच्या देशांतून मजूर आले होते, त्यांतल्या काहींच्या अंगात कृमी असणारच. गोगलगाय होती, अंडी आली, आणि कालव्याकाठी नळ-शौचालयांविना माणसांची दाट वस्ती होती.

यात आणखी एक धागा आहे आणि तो उलगडायला पुढची वीसेक वर्षं लागली. सेनेगल नदीत एक मोठी कोळंबी असे, मॅक्रोब्रॅकियम व्होलेनहोवेनी. गोड्या पाण्यात वाढणारी, पण अंडी सोडायला खाडीच्या मचूळ पाण्यात उतरणारी. तिची पिल्लं मचूळ पाण्यात वाढून पुन्हा नदीनं वर चढतात. बंधाऱ्यानं ही वाट तोडली. वरच्या भागातली कोळंबी संपत गेली. आणि ही कोळंबी गोगलगायी खात होती, कवचासकट, भरपूर. म्हणजे एकाच भिंतीनं गोगलगायींना मारणारं मीठही थोपवलं आणि त्यांना खाणारा प्राणीही. सुसान सोकोलो, जुलिओ दे लिओ आणि त्यांच्या सेनेगली सहकाऱ्यांनी लाम्पसार गावाच्या पाणवठ्यावर जाळी लावून त्यात कोळंबी सोडली. जवळच्या, कोळंबी न सोडलेल्या पाणवठ्याशी तुलना करून त्यांनी २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: कोळंबीच्या पाणवठ्यावर लागण झालेल्या गोगलगायी घटल्या आणि औषध घेऊन बऱ्या झालेल्या लोकांना पुन्हा लागण होण्याचं प्रमाणही कमी झालं.

परजीवींविषयी आपली एक ठाम समजूत असते, की परिसर बिघडला, निसर्ग विस्कटला की रोगराई वाढते. ही समजूत अर्धीच खरी आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या प्युजेट साउंड या उपसागरातले मासे तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहात बरण्यांत जपून ठेवलेले आहेत, १८८० पासूनचे. चेल्सी वूड आणि सहकाऱ्यांनी त्या माशांची शरीरं उघडून आतले परजीवी मोजले. एका किंवा दोनच यजमानांवर, म्हणजे परजीवीला अंगात आसरा देणाऱ्या प्राण्यांवर, ज्यांचं भागतं, त्या जाती टिकून होत्या. आयुष्य पूर्ण करायला तीन किंवा अधिक प्रकारच्या प्राण्यांची गरज असलेल्या जाती मात्र दर दशकाला सरासरी सुमारे ११ टक्क्यांनी घटत गेल्या होत्या, पाणी तापत गेलं तसतशा. कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरियाच्या खाऱ्या दलदलीत याचीच दुसरी बाजू दिसली. तिथला बिघडलेला भाग पूर्ववत केल्यावर पक्षी परतले, आणि पक्ष्यांच्या विष्ठेबरोबर त्यांचे कृमी गोगलगायींत परतले. तिथले शास्त्रज्ञ गोगलगायींतल्या कृमींची विविधता हे दलदल पुन्हा सशक्त झाल्याचं लक्षण मानतात.

म्हणून 'पर्यावरण बिघडलं' एवढं म्हणून उपयोग नाही. बिघाडानं साखळीतला कोणता दुवा तुटला आणि कोणता बळकट झाला, ते पाहावं लागतं. उथळ साठलेल्या पाण्यात जोमानं वाढणारी, एकट्यानं वंश चालवणारी, कोरड पडली तर चिखलात दडी मारणारी गोगलगाय, आणि पाण्याशिवाय ज्याचं चालत नाही असा माणूस: हे दोनच यजमान ज्याला पुरतात, त्या कृमीला कालवा म्हणजे दुष्काळानंतरचं सुगीचं वर्ष.

इजिप्तनं ही गोष्ट सेनेगलच्या पन्नास वर्षं आधी दाखवून दिली होती. तिथं हा आजार फार पुरातन. १९१० साली मार्क आर्मां रफर यांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत चुनखडीसारखी झालेली अंडी शोधली. कृमी प्रत्यक्ष पाहिला तो थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरनं, कैरोत, १८५१ साली. म्हणून आजाराचं प्रचलित नाव बिल्हार्झिया. हजारो वर्षं नाईलच्या काठी शेती पुराच्या पाण्यावर होई. पूर यायचा, शेतं बुडायची, पाणी ओसरायचं आणि पुढचे कित्येक महिने कालवे कोरडे ठणठणीत राहायचे. त्या कोरड्या महिन्यांत गोगलगायी मोठ्या संख्येनं मरत. मग अस्वानचा पहिला बंधारा झाला, त्याची उंची दोनदा वाढवली गेली आणि वरच्या इजिप्तमधल्या एकेका भागाला बारमाही पाणी मिळू लागलं. मोहम्मद खलील यांनी अशा चार ठिकाणच्या लोकांची तपासणी १९३४ मध्ये बारमाही पाणी येण्याआधी केली होती आणि १९३७ मध्ये पुन्हा केली. आधीचं लागणीचं प्रमाण २ ते ११ टक्के होतं. तीन वर्षांनंतर ४४ ते ७५ टक्के. हे आकडे छापून झाल्यावर पन्नास वर्षांनी दियामाचा बंधारा बांधला गेला. त्याआधी घानात अकोसोंबो धरणामागे व्होल्टा सरोवर तयार झालं, तिथंही काठच्या गावांतल्या बहुतेक मुलांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं होतं. अभियंत्यांच्या आराखड्यात पाण्याचं घनफळ असतं, विजेचे आकडे असतात. पाणवठ्यावर उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायांसाठी रकाना नसतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी चूक तिथं आहे.

इजिप्तनं नंतर या आजाराशी झुंज दिली आणि त्यात आणखी एक दुर्दैव ओढवून घेतलं. १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत तिथं लाखो लोकांना टार्टार एमेटिक या औषधाची इंजेक्शनं देण्यात आली. एका माणसाला एकदा टोचून भागत नसे. अनेक फेऱ्या घ्याव्या लागत. सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या आणि त्यातून हेपॅटायटिस सी हा विषाणू देशभर पसरला. पुढे कित्येक वर्षं जगातलं या विषाणूचं सर्वांत जास्त प्रमाण असलेल्या देशांत इजिप्तची गणना होई. कृमीपासून वाचवलेली यकृतं विषाणूनं खाल्ली.

सेनेगलमध्ये डॉक्टरांच्या हाती त्याहून कितीतरी चांगलं औषध होतं: प्राझिक्वांटेल. तोंडानं घ्यायची गोळी, एकाच दिवसाची मात्रा, स्वस्त, सुरक्षित. इतर ठिकाणी एका मात्रेत बहुतेक लोक बरे होत. न्दोंबोत दिलं, आणि बारा आठवड्यांनी तपासलं तर शंभरातले जेमतेम १८ जण कृमीमुक्त निघाले. औषधाला न जुमानणारा कृमी तयार झाला की काय, अशी धास्ती जगभरच्या तज्ज्ञांनी घेतली. पण स्पष्टीकरण बहुतांशी दुसरं निघालं. प्राझिक्वांटेल मोठ्या कृमींना मारतं, अंगात नुकत्याच शिरलेल्या कोवळ्या कृमींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. न्दोंबोतले लोक रोज पाण्यात उतरत होते, म्हणजे प्रत्येकाच्या अंगात दोन-चार आठवड्यांची कोवळी पिढी कायम असायची. गोळीनं वयात आलेले कृमी मेले आणि त्यांच्या जागी पुढची फळी वयात आली. अंडी पुन्हा दिसू लागली.

परजीवीची वस्ती कशी टिकते, हे कळण्यासाठी न्दोंबोसारखं उदाहरण नाही. आपण रुग्णाकडे पाहतो आणि समजतो, की आजार त्याच्या अंगात आहे. कृमीच्या वस्तीचा एक भाग माणसांच्या रक्तात असतो, एक भाग गोगलगायींच्या पोटात आणि एक पाण्यात पोहत असतो. औषध पहिल्या भागावर चालतं. दुसऱ्या भागात, गोगलगायींच्या अंगात, वाढ चालूच राहते. आणि शंभर गोगलगायींतल्या दोन-चारच लागण झालेल्या असल्या, तरी त्या अख्ख्या पाणवठ्याला पुरतात. शिवाय सर्केरिया बाहेर पडण्याची वेळ पाहा: साधारण सकाळ उलटल्यापासून दुपारपर्यंत, ऊन असताना, जेव्हा माणसं पाण्यावर येतात. ही सवय निसर्गानं घडवलेली आहे, आणि ती यजमानाप्रमाणे बदलतेही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर हाच कृमी उंदरांमध्ये टिकून आहे. उंदीर संध्याकाळच्या सुमारास पाण्याकाठी येतात आणि तिथल्या उंदरांकडच्या कृमीच्या अळ्या गोगलगायींतून दिवस कलल्यावर बाहेर पडतात.

तरीही या कृमीला एक कमकुवत बाजू आहे. हिवतापाच्या गणितासाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९६५ साली ती मांडली. नर आणि मादी एकाच माणसाच्या अंगात भेटल्याशिवाय अंडी होत नाहीत. एकटी पडलेली मादी वयातसुद्धा येत नाही. म्हणजे गावातल्या कृमींची एकूण संख्या एका मर्यादेखाली गेली, तर बहुतेक कृमी एकेकटे पडतील, जोड्या जुळणार नाहीत, आणि पुढे काहीही न करता वस्ती आपोआप विझेल. हा विचार ऐकायला फार आशादायक. पण कृमी गावात समसमान वाटलेले नसतात. बहुतेकांच्या अंगात थोडे असतात आणि थोड्यांच्या अंगात पुष्कळ: सतत पाण्यात डुंबणारी मुलं, कोळी, धुणं धुणाऱ्या बायका. ज्याच्या अंगात पुष्कळ कृमी, त्याच्याकडे जोड्या जुळणारच. गावाचा सरासरी आकडा कितीही खाली आला, तरी अशा चार-दोन घरांत वंश चालू राहतो. औषधवाटपाची गाडी ज्या दिवशी गावात आली, त्या दिवशी नदीवर गेलेला मुलगा नेमका त्यांतला एक असतो.

शिवाय माणूस हा या कृमीचा एकमेव आसरा राहिलेला नाही. रिशार-तोलच्या परिसरात उंदीर आणि घुशींसारख्या प्राण्यांमध्ये शिस्टोसोमा मॅन्सोनी सापडला आहे. उसाची, भाताची शेतं आणि पाण्याकाठचं दाट पाणकणीस या प्राण्यांनाही सोयीचं. दुसरी घडामोड याहून गंभीर वाटते. कालव्यांमुळे माणसं आणि गुरं एकाच पाण्यावर येऊ लागली. माणसाचा शिस्टोसोमा हिमॅटोबियम आणि गुरांचा शिस्टोसोमा बोव्हिस या दोन वेगळ्या जाती. पण एकाच माणसाच्या अंगात भेटल्या तर त्यांचा संकर होतो. असे संकरित कृमी सेनेगलमध्ये २००९ साली नोंदले गेले. पुढे २०१३-१४ मध्ये फ्रान्सच्या कोर्सिका बेटावरच्या काव्यू नदीत उन्हाळ्यात पोहलेल्या लोकांना लघवीतून रक्त जाऊ लागलं. शंभराहून अधिक जणांना लागण झाली. आफ्रिकेत कधी न गेलेली माणसं होती ही. नदीत या कृमीला चालणारी बुलिनस ट्रंकेटस ही गोगलगाय आधीपासून होती. कृमीची जनुकं तपासली, तेव्हा तो संकरित निघाला आणि त्याचं मूळ उत्तर सेनेगलकडे नेणारं सापडलं.

आता कोकणातल्या एका गावाकडे वळतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं गाव आहे. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या दोन संशोधकांनी या गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचा, म्हणजे याच आजाराचा, स्थानिक प्रसार असल्याचं जाहीर केलं. भारतात हा आजार नाही, असं तोवर धरून चाललं जात होतं; बाहेरून आलेल्या तुरळक रुग्णांपलीकडे कुणी काही पाहिलेलं नव्हतं. इथं मात्र गाव सोडून कुठं न गेलेल्यांच्या लघवीत अंडी होती. पुढे त्यांनी गोगलगायीचाही माग काढला: फेरिसिया टेन्युइस, टोपीसारख्या कवचाची, पाण्यातल्या दगडा-पानांना चिकटून बसणारी, काही मिलिमीटरची. महायुद्धांच्या काळात आफ्रिकेतून परतलेल्या शिपायांबरोबर कृमी आला असावा, असा तर्क तेव्हापासून केला जातो.

गिमवीचा हा कृमी पुढे कोकणभर पसरला नाही. महाराष्ट्रात नंतर धरणं झाली, कालवे झाले, उसानं जिल्हेच्या जिल्हे व्यापले. सेनेगलमध्ये जे काही वर्षांत घडलं ते इथं घडलं नाही. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे आणि उघड्यावरची शौचं कमी होती म्हणूनही नव्हे. आफ्रिकेत हा आजार वाहणाऱ्या बायोम्फलेरिया आणि बुलिनस या गोगलगायी आपल्या नद्यांच्या मूळ रहिवासी नाहीत. जिथं साखळीचा एक दुवा पातळ असतो, तिथं बाकी सारी परिस्थिती अनुकूल असूनही वस्ती रुजत नाही. हे आपल्या आरोग्यखात्याचं यश म्हणता येणार नाही. ते भूगोलाचं देणं आहे, आणि म्हणूनच ते गृहीत धरू नये.

आपल्या पाण्यात गोगलगायी आहेतच, आणि शिस्टोसोमाही आहेत, फक्त गुरांचे. आर. ई. मॉन्टगोमेरी यांनी १९०६ साली मुक्तेश्वरच्या संशोधनशाळेत काम करताना शिस्टोसोमा इंडिकम आणि शिस्टोसोमा स्पिंडेल या जातींचं वर्णन केलं. गुरांच्या नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहणारी आणखी एक जात आहे, नेझाली. तिनं नाकात गाठी धरल्या की जनावर घोरल्यासारखा आवाज काढत श्वास घेतं. या जातींना वाहणारी गोगलगाय इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, चपट्या गुंडाळीच्या कवचाची. भाताची खाचरं, गावतळी, डबकी, कालव्यांच्या कडा, सगळीकडे ती असते. गुरं पाण्यात बसतात, तिथंच शेण टाकतात, चक्र पूर्ण होतं. या अळ्या माणसाच्या कातडीतही शिरतात, पण तिथंच मरतात. मागे उरते ती पायांना सुटलेली पुरळ आणि खाज. लावणीच्या दिवसांत चिखलातून बाहेर आल्यावर पोटऱ्यांना सुटणाऱ्या खाजेमागे काही वेळा हेच कारण असतं. दूध घटलेली, खंगत चाललेली म्हैस हे याहून मोठं नुकसान. माणसाचा रोग नाही, म्हणून त्याकडे फार थोडं लक्ष जातं. शेततळ्यांची संख्या वाढवताना त्यांच्या पाण्यात कोणत्या गोगलगायी वसतात, याची नोंद पशुवैद्यकांकडे असायला हवी, असं मला वाटतं.

माणसांच्या आजाराकडे परत येऊ: जपाननं आपला कृमी, शिस्टोसोमा जपोनिकम, पूर्ण घालवला. मुख्य लढाई झाली यामानाशी प्रांतातल्या कोफूच्या खोऱ्यात. मियाइरी आणि सुझुकी यांनी १९१३ साली गोगलगाय ओळखल्यावर शेतकऱ्यांनी हातानं गोगलगायी वेचल्या, चुना टाकला, आणि युद्धानंतर सिंचनाचे पाट मैलोनमैल सिमेंटनं बांधून काढले. भाताची खाचरं जाऊन द्राक्षं आणि पीचच्या बागा आल्या. १९९६ साली तिथं आजार संपल्याचं जाहीर झालं. परिसरात माणसानं केलेली ही ढवळाढवळच होती, आणि फार मोठी. तिनं गोगलगायीचा दुवा तोडला. पण एवढा पैसा आणि एवढी शिस्त सेनेगलच्या खेड्यांना कुठून आणायची?

तिथं सध्या जे चाललंय, ते त्यामुळेच मला जास्त मोलाचं वाटतं. जेसन रोर आणि त्यांच्या सेनेगली-अमेरिकी सहकाऱ्यांनी पाहिलं, की शेतातलं खत वाहून पाण्यात येतं, त्यावर पाण्याखालची वनस्पती माजते, आणि ज्या पाणवठ्यावर ही वनस्पती दाट, तिथं गोगलगायी जास्त. गोगलगायीला तीच खायला आणि तीच राहायला. म्हणजे कृमीची वस्ती टिकवून धरण्यात धरणाबरोबर युरियाच्या पोत्याचाही हात होता. त्यांनी १६ गावं घेतली, काहींच्या पाणवठ्यांवरून ही वनस्पती उपसून काढली, काही तशीच ठेवली. २०२३ साली निष्कर्ष छापले गेले: वनस्पती काढलेल्या गावांतल्या शाळकरी मुलांना आतड्याच्या शिस्टोसोमाची पुन्हा लागण होण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी राहिलं. उपसलेला ढीग फुकट गेला नाही. त्याचं कंपोस्ट करून कांदा आणि मिरचीच्या वाफ्यांना घातलं, काही मेंढ्यांना चारलं. शेतातून वाहून गेलेलं खत शेतात परत आलं.

ही वनस्पती पुन्हा वाढते, तिला ठरावीक काळानं परत काढावं लागतं. कोळंबीला बंधाऱ्यापलीकडे जाता येत नाही तोवर ती हाती वाढवून सोडावी लागते. गोळ्यांचं वाटपही थांबवता येत नाही, कारण आज ज्यांच्या अंगात कृमी आहे त्यांना आज औषध हवं. यांतला एकही उपाय एकट्यानं पुरणारा नाही. पण गोळी माणसावर चालते, कोळंबी आणि उपसणी पाण्यावर, आणि कृमी या दोन्ही ठिकाणी राहतो. वनस्पती उपसायला कमरेइतक्या पाण्यात कुणालातरी उतरावं लागतं, म्हणून त्या कामाला जाणाऱ्यांना लांब रबरी पोशाख आणि हातमोजे द्यावे लागतात आणि वेळच्या वेळी त्यांची तपासणी व औषधोपचारही करावे लागतात. हा खर्चही हिशोबात धरावा लागतो. मिरची-कांद्याच्या वाढीव उत्पन्नातून आणि वाचलेल्या चाऱ्यातून तो भरून निघाला, तर गाव स्वतःच्या गरजेपोटी पाणवठा साफ ठेवील. बाहेरून कुणी येण्याची वाट पाहावी लागणार नाही.